त्राटिकेची नजर

चाचा,

आज एप्रिलची एकवीस तारीख, मंगळवार, दुपारचे सव्वातीन. मी जव्हारला मंडळाच्या शेडमध्ये एकटाच बसलो आहे. त्राटिकेचा मुखवटा मांडीवर उलटा धरून आतून पॉलिश पेपर मारत होतो, मध्येच थांबून हे लिहायला घेतलं. तुम्ही गेल्यापासून तुम्हाला कधी काही सांगावंसं वाटलं नाही, कारण सांगण्यासारखं जे होतं ते चांगलं नव्हतं.

मुखवटे करणारं हे मंडळ तुमच्या दुकानाच्या मागच्या खोलीत सुरू झालं, हे आता फार थोड्यांना आठवतं. मोखाड्याकडचे कोरणारे लोक लाकडाची तोंडं पोत्यात घालून एसटीने आणायचे आणि तुम्ही ती रंगवायचात. बोहाड्याच्या जत्रेत रात्रभर सोंगं नाचतात; ज्या घराकडे ज्या सोंगाचा मान, त्या घरचा माणूस स्वतः येऊन आपला मुखवटा न्यायचा. गणपती, रावण, त्राटिका, सगळे तुमच्या स्टुलावर बसून गेले. मुखवटा माणसाच्या तोंडापेक्षा मोठा असतो. रंगवलेले डोळे बघणाऱ्यांसाठी. नाचणाऱ्याचे डोळे त्यांच्या बरेच खाली, गालाच्या घडीपाशी येतात, तिथे दोन बारीक फटी पाडाव्या लागतात. त्याला तुम्ही नजर काढणं म्हणायचात. प्रत्येक माणसाची नजर वेगळ्या जागी. आणि माणूस स्टुलावर बसला की तुम्ही माझ्याकडे न बघता म्हणायचात, "बेटा, चहा सांगून ये." मी परत येईपर्यंत खुणा झालेल्या असायच्या.

एकदा मी गेलोच नाही, दाराआड उभा राहिलो. तुम्ही मला पाहिलंत. स्टुलावर बसलेल्या माणसासमोर म्हणालात, "आधी रंग शीक. नजर शिकलास की उद्या तूही ठाण्याला दुकान टाकशील." माझ्या आधी तुमच्या हाताखाली होता तो सगळं शिकून ठाण्याला गेला होता, हे मला माहीत होतं. पण चोरी त्याची आणि शिक्षा मला. मी सूर्यमाळच्या पाड्यावरचा, नववीत शाळा सोडलेला. ठाण्याला मी गेलो असतो तर विटा उचलायला. दुसऱ्या दिवशी तुम्ही मला पाट्या रंगवायचा बारीक ब्रश दिलात. म्हणालात, तुझं अक्षर वळणदार आहे, ऱ्हस्वदीर्घ चुकत नाहीत, मंडळाच्या सगळ्या पाट्या आता तू करायच्या. कितीतरी दिवस मी तो ब्रश उशाशी ठेवून झोपत होतो. आता वाटतं, मुलाने रडू नये म्हणून हातात काहीतरी देतात, तसं ते होतं.

मग रिसॉर्टवाल्यांच्या ऑर्डरी यायला लागल्या. ती मीटिंग मला अजून दिसते. अध्यक्ष सांगताहेत की हे मुखवटे भिंतीवर लागणार, नजर काढण्यात दिवस घालवू नका. "भिंतीला काय बघायचंय?" ते म्हणतात आणि सगळे हसतात. मी तुमच्याकडे बघतो आहे. तुम्ही बशीत बिस्कीट बुडवता आणि तुम्हीही हसता. त्यानंतर स्टुलावर कोणी बसलं नाही, त्याच्यावर आम्ही रंगाचे डबे ठेवायला लागलो. तुम्ही अंथरुणाला खिळलात तेव्हा मी घरी येऊन नजरेचं विचारलं होतं. तुम्ही माझा हात धरून म्हणालात, तब्येत सुधारू दे, दाखवतो. सुधारणार नाही हे त्या खोलीत सगळ्यांना कळत होतं. तुम्हालाही.

या वर्षी मोखाड्याकडचे ते म्हातारे बाबा आले, ज्यांच्या घरात त्राटिकेचा मान आहे. त्यांच्या जुन्या मुखवट्याला वाळवी लागली होती. अध्यक्षांनी रिसॉर्टसाठी केलेल्यांतला फळीवरचा एक काढून द्यायला सांगितला. मला नजर काढता येत नाही, हे मी बोललो नाही. रंगवलेल्या बुबुळांतच ड्रिलने भोकं पाडली आणि मुखवटा त्यांच्या हातात दिला. भोकं आली त्यांच्या कपाळावर. परवा रात्री ते तो घालून पहिल्यांदा नाचायला निघाले, सांबळ वाजत होतं, आणि त्यांना काही म्हणजे काही दिसत नव्हतं. ते मशाल धरणाऱ्यावर जाऊन आदळले आणि पडले. लोकांना वाटलं हे सोंगातलंच आहे. मग कोणीतरी ओरडलं, "त्राटिका आज टाकून आली!" आणि सगळे हसले. त्या माणसाने जन्मात दारूला हात लावलेला नाही.

आज सकाळी ते मुखवटा घेऊन आले. गुडघा सोललेला होता. रागावले नाहीत, तेच मला जड गेलं. म्हणाले, उद्या मोठा बोहाडा आहे. भाऊबंद म्हणतात म्हाताऱ्याचं आता होत नाही, मान आमच्याकडे द्या. उद्या परत पडलो तर मान गेला.

मी स्टुलावरचे डबे उतरवले. त्यांना बसवलं आणि त्यांच्या तोंडाकडे नुसता बघत उभा राहिलो. शेवटी तेच म्हणाले, "काजळ नाय का रं तुझ्याकडं? तुझा चाचा तर काजळ लावायचा."

मग त्यांनीच सगळं सांगितलं. भुवईला आणि गालाच्या हाडाला काजळ लावायचं. मुखवटा तोंडावर दाबायचा. आतल्या बाजूला चार काळे डाग उठतात. वरच्या आणि खालच्या डागाच्या मधोमध फट. झालं. एवढंच होतं, चाचा. एवढ्यासाठी मला इतकी वर्षं चहा सांगायला पाठवलंत. जे जे त्या स्टुलावर बसले त्या सगळ्यांना हे ठाऊक होतं. तालुकाभर ठाऊक होतं, फक्त तुमच्या दुकानात बसलेल्या मला नव्हतं.

मी फटी पाडल्या. बाबांनी मुखवटा चढवला, मान सावकाश इकडून तिकडे फिरवली आणि माझ्यावर आणून थांबवली. "दिसतोस रं मास्तर," आतून आवाज आला. "लय वाळलास." आता ते बाजारात गेले आहेत, चार वाजता मुखवटा न्यायला येतील.

नव्या हॉलच्या भिंतीवर मंडळाचा इतिहास रंगवायचं काम माझ्याकडेच आहे. मंडळाने परंपरा अखंड जपली, असं वाक्य अध्यक्षांनी दिलं आहे. मी ते एकही चूक न करता रंगवीन.

हे पत्र कुठे पाठवायचं नाहीच. पण एक सांगायचं राहिलं. मघाशी अध्यक्ष शेडमध्ये डोकावले. फटींवरून बोट फिरवत त्यांनी विचारलं, हे तुला कोणी शिकवलं? मी म्हणालो, चाचांनी. तुमचं नाव राहावं म्हणून नाही. इतकी वर्षं जवळ बसवूनही ज्याला शिकवलं नाही तो मीच, हे सांगायची मला लाज वाटली.