पंधरा बार आणि एक 'बघते'

आखाडा बाळापूर,
रविवार, सकाळ

प्रिय अंजली,

तुला सलाम, तुझ्या गुडघ्यांना नमस्कार, आणि तुझ्या शुगरला लांबूनच हात जोडते. इकडे सगळे बरे आहेत. आमच्या खाजा मियांचं पाण्याच्या मोटारींच्या रिवायंडिंगचं दुकान चालू आहे, मुन्नी तिच्या सासरी परभणीला खुशाल आहे, आणि मी शाळेतून निवृत्त होऊन तीन वर्षं झाली तरी अजून सकाळी साडेदहाला घंटा झाल्यासारखी उठून उभी राहते. उभी राहिल्यावर कुठं जायचं ते आठवत नाही, म्हणून पुन्हा बसते.

तुझा मेसेज मिळाला. पुढच्या महिन्यात हिंगोलीला भाचीचं लग्न, तू पुण्याहून नांदेडला येणार, तिथून गाडीनं जाणार, बाळापूर वाटेवरच, 'तुझ्याकडे कॉफीला थांबायचं बघते'. अंजली, हे 'बघते' मी गेले बावीस दिवस बघतेय. तीस वर्षं मी पोरांना मराठी शिकवलं. 'बघते' म्हणजे 'हो' नव्हे हे मला कळतं. पण ते 'नाही'सुद्धा नव्हे, म्हणून माणसाला स्वस्थ बसता येत नाही. रस्त्यावर गाडी हळू झाली की मी खिडकीशी जाते. (आमच्या घरासमोर गतिरोधक आहे. सगळ्याच गाड्या हळू होतात.)

मागं तू आलीस त्याला अकरा वर्षं झाली. वीस मिनिटं बसलीस, मी केलेली कॉफी प्यायलीस (असं आपण धरून चालू) आणि 'मी जाते' म्हणून गाडीत बसलीस. 'येते' म्हणाली नाहीस. आपल्याकडे घरातून निघताना शेंबडं पोरगंसुद्धा 'येतो' म्हणतं. तू 'जाते' म्हणालीस आणि खरंच आली नाहीस. तेव्हापासून ईदला आणि दिवाळीला आपण एकमेकींना फुलांची चित्रं पाठवतो, तेवढंच. दोष कॉफीचा होता, असं मी तेव्हाच ठरवलं. पाकिटातली पूड, साखर घालून फेटलेली, म्हशीच्या दुधात उकळलेली, वर वेलदोडा. पुण्यात राहणाऱ्या बाईला तो काढाच वाटणार. म्हणून यावेळी तुला खरी कॉफी पाजायची असं मनाशी घेतलं आणि मोबाईल उघडला. तिथंच घात झाला.

मोबाईलमध्ये एक दाढीवाला मुलगा आहे. तो कॉफी करत नाही, तिची सेवा करतो. बिया मोजून घेतो, दळतो, हुंगतो, एका दांडीच्या वाटीत भरतो, वजनदार ठोकळ्यानं दाबतो आणि मग डोळे मिटून थांबतो. मी त्याचा एक व्हिडिओ पाहिला आणि मोबाईलनं मला चाळीस दाखवले. प्रत्येकात तो सांगतो की कालपर्यंत जे होतं त्यात काहीतरी कमी होतं. कॉफीचं मशीन घेतलं तर म्हणतो, मशीन नव्हे, खरं काम ग्राइंडरचं. (ग्राइंडर मशीनहून महाग. बाई, आमच्या इथं पिठाची गिरणी बसते तेवढ्यात.) मग सोनाराकडे असतो तसा काटा. मग धार खालून नीट पडते का, हे बघायला छोटा आरसा. मग गुठळ्या मोडायला बारीक सुयांचा एक झाडू. हा झाडू मात्र मी घरीच केला, बाटलीच्या बुचात शिवणाच्या सुया खोचून. शेजारच्या चंद्रभागाबाईनं तो ओट्यावर पाहिला आणि त्यानंतर दोन दिवस ती दूध घेऊन आली नाही.

मशीन मागवलं, सोबत दळलेल्या कॉफीचं पाकीट. किंमत खाजा मियांना सांगताना एक शून्य गिळलं. (ते हसले. मोटारींचे भाव त्यांना पाठ आहेत, शून्य कुठं गेलं हे त्यांना बराबर कळलं असणार.) खोकं आलं तेव्हा मी घरी नव्हते. कुरिअरवाल्यानं ते स्टँडवरच्या तातेरावच्या पानटपरीवर ठेवलं. खोक्यावर हातभर अक्षरात छापलेलं होतं, '१५ बार'. तातेराव सातवीपर्यंत माझ्याच हाताखाली शिकला, वाचण्यात चुकत नाही. संध्याकाळपर्यंत गावात झालं की रिवायंडिंगवाल्या खाजा मियांची बायको बार टाकते. एक नव्हे, पंधरा.

दुसऱ्या दिवशी चंद्रभागाबाई दुधाचा गडवा घेऊन दारातच उभी. आत येईना.

"बाई, तुमी शिकल्या-सवरल्या. काहून असं करून राहिल्या?"

"काय केलं मी?"

"आता आमच्या तोंडून कशाला वदवता? नामाजीला तर लई आनंद झाला. तुमच्याकडं उधारी चालंल का इचार म्हनला. म्या म्हनलं, तंगडं मोडीन."

नामाजी तिचा नवरा. मी तिला आत ओढलं आणि मशीन दाखवलं. बार म्हणजे दाब, पाण्याचा दाब, असं सांगितलं. तिनं मशीनभोवती एक फेरी मारली आणि बाटली कुठं दिसत नाही म्हणून थोडी नाराजच झाली.

तोवर मशिदीतले दोन बुजुर्ग आले. शिव्या नाहीत, काही नाही, नुसते बसून राहिले आणि खाजा मियांच्या मरहूम अब्बांची आठवण काढत राहिले, ते जास्त वाईट. मी दोन छोट्या कपांत कॉफी काढून पुढं ठेवली. थोरल्यांनी कपात पाहिलं. "इतनीशी? दवाई है क्या?" प्यायले. तोंड असं झालं की मी पाण्यासाठी धावले. मग म्हणाले, "कडवी है. मतलब हराम नहीं हो सकती." मामला तिथंच मिटला. आता गावात ती पोटाची दवाई आहे आणि गॅसवाले विचारायला येतात.

खाजा मियांचं म्हणणं वेगळंच. "शरीफा, इतक्या प्रेशरमधी मी गावाला पाणी पाजतो. तुला दोन चमचे कॉफी काढायला काहून लागतंय?" असं म्हणून त्यांनी मशीन उघडलंच. दुपारी लाईट कमी-जास्त होते, त्यात ते नुसतं कण्हत होतं. त्यांनी काहीतरी तारा बदलल्या. आता ते बोअरच्या मोटारीसारखं गुरगुरतं, पण चालतं.

आणि परवा जमलं, अंजली. सकाळी सात वाजता. धार मधासारखी पडली, वर तांबूस साय आली आणि स्वयंपाकघरभर तो वास. ओट्याशी उभ्या उभ्याच मी प्यायले. कडू आणि मागून गोड, जिभेवर किती वेळ राहिली. आणि मी कुठं होते सांगू? आपल्या होस्टेलच्या भटारखान्यात, रविवारच्या प्रार्थनेनंतर. तुम्ही सगळ्या चॅपलमधून यायच्यात, बाकीच्या गेल्या की मी आणि तू मागं थांबायचो. केरळच्या सिस्टर फिलोमिना पितळी फिल्टरमधून आपल्या दोघींत एक ग्लास द्यायच्या आणि निघून जायच्या. दोन मिनिटांत परत यायच्या, कारण साखरेचा डबा आपल्याला दिसतो हे त्यांना ठाऊक होतं. तू त्यांची नक्कल करायचीस आणि माझ्या नाकातून कॉफी यायची. परवा कप संपला तेव्हा तो अर्धाच प्यायला हवा होता, असं वाटलं. उरलेला कोणाला देणार?

चंद्रभागाबाईच्या शेळीच्या दुधाला फेस उत्तम येतो. त्यावर पानाचं चित्र काढायला शिकतेय. आज पान काढलं, शेळीचा कान झाला.

छातीत जरा धडधडतं. कॉफीनं की तुझ्या 'बघते'नं, हे डॉक्टरला विचारायची सोय नाही.

तुझी,
शरीफा

ता. क. : येताना पुण्याहून ताज्या भाजलेल्या बिया अर्धा किलो आण. आणि तुझ्याकडे जुना ग्राइंडर पडला असेल तर तोही.

ता. क. २ : ग्राइंडर राहू दे. ओझं होईल आणि तेवढ्यावरून तू थांबायचं टाळशील. बियाही नकोत. आणि मागच्या वेळी तू कॉफी मोगऱ्याच्या कुंडीत ओतलीस ते मी खिडकीतून पाहिलं होतं. मोगऱ्यानं काही तक्रार केली नाही, अजून फुलतो.

ता. क. ३ : पाकीट चिकटवलं होतं, पुन्हा फोडलं. आत्ता आठवलं. सिस्टर निघताना काय म्हणायच्या? आपण त्यांना 'येते म्हणा' असं किती शिकवलं! 'जाताना येते म्हणणं खोटं आहे, मला कन्फेशन करावं लागेल,' म्हणायच्या, आणि मान ताठ करून 'मी जाते'. गाडीत बसताना तूही मान ताठ केली होतीस का गं? नक्कल करत होतीस? आणि मी हसले नाही म्हणून तू अकरा वर्षं आली नाहीस? खरं सांग. नाहीतर नको सांगूस. ये आणि जाताना खुशाल 'जाते' म्हण, मी साखरेचा डबा उघडा ठेवून बसते. पण सिस्टरची दोन मिनिटं केव्हाच झाली, अंजली.