मोजणारा हात

१२ जाने. ९४, बुध.
लॅबमधल्या पिंजऱ्यांची फेरी पूर्ण. उंदरांच्या पाठीवरच्या कॅन्सरच्या गाठी व्हर्निअरने मोजल्या. केस बाजूला, आधी लांबी, मग रुंदी, दाबायचं नाही. कुठल्या पिंजऱ्याला साधं औषध, कुठल्याला चरबीच्या बारीक फुग्यांत कोंडलेलं आणि कुठल्याला नुसतं मिठाचं पाणी, हे मला सांगत नाहीत. बरोबरच आहे. माहीत असलं की डोळा लबाडी करतो. डॉ. देसाईबाई म्हणाल्या, "प्रयोग संपेपर्यंत मोजणारा हात बदलायचा नाही." हात माझा. इंटरला सायन्स सोडलं, बाकी सगळं जुन्या बाजारातल्या पुस्तकांवर शिकलो, तरी हात माझा.
नवीन एम.एस्सी. मुलगी, शुभदा, व्हर्निअर बरा धरते. हे लिहायलाही जरा जड जातंय.

१६ जाने., रवि.
सोसायटीत पाणी नाही, आणि सेक्रेटरी मी. जवळच्या मुर्धा गावचा लक्ष्मण पाटील टँकर घेऊन आला. वडिलांची मिठागरं होती, आता हा पाणी विकतो, टँकर स्वतःच चालवतो. टाकी भरेस्तोवर जिन्यात बसला. जबड्याखाली मानेला गाठ. भाईंदरच्या डॉक्टरने मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलची चिठ्ठी दिलीय. दर मंगळवारी तिथे गाठींचे पेशंट बघतात, तुकडा काढून तपासणार. शिवाय दाढ सुजलीय, तिच्या गोळ्या वेगळ्या.
"सेक्रेटरी, तुमच्या उंदरांची गाठ बसते न?"
सोसायटीच्या पाण्याच्या मीटिंगनंतर मीच त्याला सांगितलं होतं, जरा रंगवून. गाठीतल्या रक्तवाहिन्या फाटक्या असतात, फुगे तिथे झिरपतात, औषध तिथेच साठतं, बाकीच्या शरीराला त्रास कमी.
"मंग मना पन द्या त्यातलं."
म्हटलं, माणसाला द्यायला अजून कितीतरी वर्षं...
"देऊ नका. मोजा तरी."
घरचा व्हर्निअर काढला. माझा स्वतःचा, लॅबचा नाही. पाटील फोटोला बसावा तसा ताठ. चौतीस मि.मी. लांब, सव्वीस रुंद. बोटाखाली हलते.
सौ. म्हणाली, "माणसाला मोजताना हात तरी धुवायचे." धुतले होते.

२३ जाने., रवि.
पाटील आज टँकरशिवाय आला, खास मोजून घ्यायला. दाढी केलेली, कॉलर उघडी. लांबी एकतीस. पुन्हा मोजली, एकतीसच.
"उतरली न?"
"कमी आहे," म्हटलं. आकडा बरोबर होता. दाढेची सूज उतरली की आजूबाजूचंही उतरतं, हे ठाऊक होतं. सांगणारही होतो, पण तो इतका खूश झाला... आणि मलाही बरं वाटलं. खाली वॉचमनला सांगत होता, "सेक्रेटरीका हाथ लगा और गाठ बैठ गया." ऐकलं. खाली गेलो नाही.

२७ जाने., गुरु.
मासळी बाजारात सौ.ला हिरावहिनी भेटल्या, पाटलाची बायको. या मंगळवारी पाटील हॉस्पिटलला गेलाच नाही. "सेक्रेटरी मोजतान, कमी व्हते, मंग कापाकापी कशाला?" म्हणाला. सौ.ने पिशवी खाली ठेवायच्या आत विचारलं, "तुम्ही डॉक्टर केव्हापासून?"
जाऊ नको, असं मी म्हटलं नव्हतं. जा, असंही म्हटलं नव्हतं.
रविवारी सांगतो.

३० जाने., रवि.
लॅबमधून बोलावणं, व्हॅक्यूम पंप बिघडला. परत येईतो पाटील येऊन, बसून गेलेला. सांगायचं राहिलंच.

३ फेब्रु., गुरु.
प्रयोग संपला. कुठल्या पिंजऱ्यात काय दिलं होतं ते बाईंनी सांगितलं. फुग्यांच्या पिंजऱ्यातल्या गाठी खरंच आक्रसल्यात, माझे आकडे चोख निघाले. मग उंदीर उघडले. ज्याची गाठ बोटाला जेमतेम लागायची, त्याची फुप्फुसं बाईंनी ताटलीत ठेवली. पांढरे दाणे, साबुदाणा सांडल्यासारखे.
"बाहेरची बसली, आत पसरलंच," बाई म्हणाल्या. "तुमच्या मोजण्यात चूक नाही. पण व्हर्निअर पोचतो तेवढंच कळतं."
शुभदा लिहून घेत होती. मी डबा उघडला नाही.

६ फेब्रु., रवि.
मुर्ध्याला गेलो. पाटील ओटीवर, कॉलर उघडून तयार. सगळं सांगितलं. उंदीर, फुप्फुसं, दाढेच्या गोळ्या. मोजणं म्हणजे औषध नाही. परवा मंगळवार, जाच.
तो म्हणाला, "मंग मोजली कशाला?"
मी ओटीच्या कडेला बसलो.
"तिकडं गेलेली मानसं बघलीत मी, सेक्रेटरी. अर्धा गाल न्हाय. आज मोजा. वाढली असंल तर जातो. न्हाय तर न्हाय."
व्हर्निअर खिशात होताच. का नेला होता कोण जाणे. हिरावहिनी दारात उभ्या.
एकोणतीस. पुन्हा एकोणतीस. पण दगडासारखी टणक, आणि आता हलत नाही. हे त्याला सांगून पटणार नव्हतं, त्याला आकडा हवा होता.
"अडतीस," म्हटलं.
आजवर तोंडून चुकीचा आकडा...
त्याने कॉलर लावली. "बघतो," म्हणाला. मी निघालो तेव्हा पाठ फिरवून बसला होता.

७ फेब्रु., सोम.
नवीन उंदीर आले. बाईंना म्हटलं, या खेपेला शुभदाला मोजू द्या. बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "का हो?" डोळ्यांचं कारण सांगितलं.
घरी आलो तर हिरावहिनी स्वयंपाकघरात, सौ.शेजारी पाटावर. माझ्याशी पहिल्यांदाच सरळ बोलल्या.
"भाऊ, खरा आकडा सांगा. काल सांगताना तुमी त्याच्याकडं बघलंच न्हाय."
सौ. माझ्याकडे बघत होती. सांगितलं. कमी भरली, पण टणक झालीय, रुतलीय, म्हणूनच उद्या त्याला न्या.
"कालपासून मनाच इचारतो, सेक्रेटरी खरा बोलला का. मी हो बोलली, म्हून उद्याचे कपडे काढून ठेवलेत त्याने. आज परत इचारंल. आता काय बोलू?"
"वहिनी, आजही हो म्हणूनच सांगा. एका रात्रीचा प्रश्न आहे."
"मना त्याच्यासमोर खोटं जमत न्हाय, भाऊ. मना तरी अडतीसच सांगायचं व्हतं तुमी."
पदर सारखा करून उठल्या. सौ. त्यांना रिक्षापर्यंत सोडून आली.
उद्याची रजा टाकलीय. सकाळी रिक्षा घेऊन त्यांच्या दारात जातोय. आत्ता तो जेवायला बसला असेल, आणि जेवताना तिला विचारेल...