तुझ्या बाबांची नऊ मिनिटं

वेडाबाई,

असं म्हणायचा हक्क अजून आहे की नाही, ठाऊक नाही.

तुझे बाबा गेल्यावर तू मला पेनड्राइव्ह दिलास. त्यात ते तुला शिलाई मशीन शिकवतायत, "अगं, दोरा ओढ, माझा कान नको!" म्हणून हसतायत. त्यांचं तेवढंच, नऊ मिनिटांचं चित्रण उरलं होतं. "तुकडे नीट जोडून दे," म्हणालीस. कॉलेज सोडून मी घरच्या कॉम्प्युटरवर नुकतंच एडिटिंग शिकू लागलो होतो, पण तुला छातीठोक सांगितलं, "येतं मला."

फायली कॉम्प्युटरवर हलवल्या, पेनड्राइव्ह रिकामा केला, तुकडे ओळीने लावले. मग डिस्क भरली. व्हिडिओ एडिटिंगच्या प्रोजेक्ट-फाइलमध्ये आलाच आहे असं समजून मी मूळ फायली पुसल्या. प्रोजेक्टमध्ये मूळ फायली कुठे आहेत याचा फक्त पत्ता असतो, हे बाबांच्या जागी 'फाइल सापडत नाही' असा लाल पडदा दिसल्यावर कळलं. दुरुस्तीवाल्यानेही हात टेकले.

दुसऱ्या दिवशी तू मागायला आलीस, तेव्हा मी उगाच भांडण उकरून काढलं. "नाही देत, जा!"

"एवढा कसला माज रे?"

तेव्हापासून तू रोज फोन करतेस. माझा राग उतरला की मी देईन, असं तुला वाटतं. मी तसंच वाटू दिलं, कारण त्या निमित्ताने तुझा आवाज तरी कानावर पडत होता.

आज तू रडत म्हणालीस, "चुकलं माझं. पण माझे बाबा मला दे."

तुझं काहीच चुकलेलं नाही.

हे पत्र मी पाठवणार नाही. पाठवलं, तर तुला ते एकटीने वाचावं लागेल. उद्या सकाळी समोर येऊन सांगतो.

उद्यापर्यंत तरी तुझाच,
मी