मनभर

संगमनेर, मंगळवार संध्याकाळ

परदेशातल्या विद्यापीठाने अनुवादक म्हणून माझी निवड केली, ती जामखेडच्या आत्याच्या एका वाक्याच्या अनुवादावर. "त्या साली घरात मनभर बी उरलं न्हाई." मी इंग्रजीत लिहिलं, घराचं मनच रितं झालं. त्यांना तेच फार आवडलं. आज फोनवर हे सांगितलं तर आत्या हसली, "आगं, मनभर ज्वारी! काट्यावर तोलतेत ती!"

म्हणजे मण. तिच्या तोंडी ण कधी होता? माझ्याच घरची बोली, आणि मीच चुकले. उद्या त्यांच्यासमोर याच वाक्यावर बोलायचंय. खरं सांगितलं तर? नाही सांगितलं तर?

फोन ठेवताना आत्या म्हणाली, "मन लावून बोल." मी दचकले. विचारणारच होते, कुठलं?