वरसूबाईच्या रानातला पॉइंट

१४ एप्रिल २००३, सोमवार. ओतूर

शी! आल्या आल्या हेच! बॅग खाली ठेवायच्या आत शेजारचा सयाजीभाऊ दारात. "ताई, तेवढी आमच्या उसावर वरनं नजर टाका की. बिबट्या कुठं बसलाय त्ये तरी कळंल." मी आईच्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी रजा घेऊन आलेय. बिबट्या हुडकायला नाही.

कितीदा सांगायचं? बंगळूरला मी उपग्रह सांभाळते. त्याची बॅटरी, त्याचा ताप, त्याचं तोंड पृथ्वीकडे आहे की भलतीकडे — बास. तो जे फोटो काढतो ते दुसरीकडे उतरतात, मी पाहतसुद्धा नाही. दाईला बाळाची कुंडली विचारावी, तसली तऱ्हा! आई म्हणते, "आगं, हो म्हन की. तुजं काय जातंय?" घ्या.

१५ एप्रिल

गोरख, माझा सख्खा धाकटा भाऊ, बोअर मारणाऱ्या गाडीचा एजंट झालाय; पॉइंट, म्हणजे खोदायची जागा, दाखवून गिऱ्हाईक आणतो. शर्टाला इस्त्री, तोंडात सतत गुटखा. जेवताना चारदा म्हणाला, "ताई, तुजं नाव लई चालतं इकडं." कसं चालतं ते काही सांगेना. नुसता हसतो. किळस त्या लाल दातांची आली की त्या हसण्याची, कोण जाणे. दोन्हीची.

१७ एप्रिल

ऑफिसचा निरोप आला — उपग्रहाचं एक चाक अडखळतंय. (त्याच्या पोटात चाकं फिरत असतात, त्यांच्यावरच तो वळतो. हेही इथे कुणाला पटत नाही.) स्टँडवरच्या एसटीडी बूथमधून फोन लावला. ड्युटीवरच्या माणसाला सांगत होते — वेग एवढा उतरव, तोंड इतकं फिरव, पुढच्या फेरीला पुन्हा बघ. सगळं इंग्रजीत आणि ओरडून, कारण लाईन खरखरत होती.

दार उघडलं तर काचेला नाकं लावून ही गर्दी! मध्ये गोरख. "बघितलं का? ताईनं आत्ताच सॅटेलाईट वळावला. आता पान्याचा पॉइंट पडतोय बगा."

म्हणजे असं चालतं माझं नाव! तिथेच ओरडले, "हा खोटं बोलतोय! उपग्रहाला जमिनीखालचं पाणी दिसत नाही!" तर एक म्हातारा शेजारच्याला समजावतो, "सरकारी गुपित आसतंय राव. ती कशी सांगंल चारचौघांत?" सगळ्यांनी समजूतदार माना हलवल्या. अंगावर कुणीतरी थुंकल्यासारखं वाटलं.

१८ एप्रिल

चाक सुधारलं. फक्त चाकच.

२० एप्रिल, रविवार

घाटघरकडच्या एका वाडीवरून झुंबरबाई म्हणून एक बाई आल्या. ओळख ना पाळख. फडक्यात घरचा तांदूळ बांधून आणलेला. "ताई, आमचा झरा आटलाय. तुमी वरसूबाईच्या रानात पानी दावलं म्हनं. आता गाडी यायची. वाट करायला मोठालं हिरडं तोडावं लागत्याल." मग पदराशी चाळा. "त्या रानातली काडी उचलत न्हाई आमी. मयताला बी तिथलं लाकूड घेत न्हाई. पर तुमी वरनं बघितलंय... म्हून इचाराया आले. नक्की तिथंच हाय ना?"

देवराई! तिथेच का, म्हणून गोरखला गाठलं. तो मोबाईलशी खेळत म्हणाला, "सपाट जागा तेवढीच हाय. गाडी बाकी कुठं चढत न्हाई."

एवढंच कारण. गाडी चढत नाही!

२२ एप्रिल

गोरखला न सांगता वाडीवर गेले. रानाच्या कडेला सगळे जमले. वरसूबाईची पूजा करणारे म्हातारे गेणभाऊ पुढे. मी स्वच्छ सांगितलं — मला पाणी दिसत नाही, कधी दिसलं नाही. पॉइंट मी दिलेला नाही, भावाने गाडीच्या सोयीने दिलाय.

"म्हंजे तुमी ह्ये रान बघितलंच न्हाई?"

"आज पहिल्यांदा बघतेय."

पोरं कुजबुजली, बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. गेणभाऊ म्हणाले, "मंग आईलाच इचारू." देवीच्या तांदळ्याला, म्हणजे शेंदूर फासलेल्या गोल दगडाला, दोन्ही अंगांना ओले तांदूळ चिकटवून कौल लावला. उजवा पडला तर गाडी आणायची, डावा पडला तर नाही. बराच वेळ काहीच पडेना. मी आकडे बघणारी बाई, आणि श्वास रोखून उभी!

डावा पडला. झुंबरबाई मटकन खाली बसल्या नि पदराने तोंड पुसायला लागल्या. मला तर त्या तांदळाच्या दाण्याच्या पाया पडावंसं वाटलं.

घरी तमाशा. "सख्ख्या भावाचं गिऱ्हाईक मोडलंस," म्हणून गोरख अंगणात पचकन थुंकला. आई शनिवारी ऑपरेशन झालेल्या डोळ्यावरची पट्टी सावरत त्याचीच बाजू घेते. वीट आलाय. परवाच्या गाडीने जाते.

३ मे. बंगळूर

आईचा फोन. वाडीतल्या पोरांनी कौल न जुमानता गाडी बोलावलीच. हिरडे तोडले.

आणि पाणी लागलं. चिक्कार!

गेणभाऊ मुद्दाम ओतूरला येऊन गेले म्हणे, हात जोडून. "ताई मोठ्या मनाची. लाजून न्हाई म्हनली, आन आमाला त्येच खरं वाटलं." आजूबाजूच्या वाड्यांनीही गोरखला बोलावलंय. सगळ्यांना पॉइंट आपापल्या देवराईतलाच हवाय.