चुलीपाशी सांगितलेलं

मॅडम,

काल आत्यांच्या दहाव्याला जाऊन आले. तुम्हाला त्या आठवत असतीलच. भिगवणच्या अलीकडे, उजनी धरणाच्या फुगवट्याच्या कडेला ज्यांची वस्ती होती, त्या. त्यांच्या हातची लसणाची चटणी तुम्ही कागदात बांधून पर्समध्ये घालून आणली होती आणि पुढं कितीतरी दिवस विभागाच्या बैठकीत तुमची पर्स उघडली की शेजारचे प्राध्यापक जरा सरकून बसायचे. त्या आत्या गेल्या. तुम्ही असता तर मी तिथून परस्पर तुमच्याकडेच आले असते. पण तुम्हाला जाऊनही आता इतकी वर्षं झाली की तुमच्या खोलीत बसणाऱ्या नव्या मुलीला तुम्ही कोण हेही माहीत नाही. म्हणून लिहायला बसले. तुम्हाला एक विचारायचं आहे आणि एक सांगायचं आहे. जे सांगायचं आहे, ते तुम्ही तेव्हा ऐकून घेतलं नव्हतं.

आधी खुर्चीचं लिहिते. मी पीएच.डी.ला तुमच्याकडे आले तेव्हा मला वाटायचं, हे सगळं मला येतंच. मी बारामतीजवळच्या पणदऱ्याची, आमच्या घरीही आजोबांपर्यंत मेंढरं होती, आणि विषय होता मेंढरं सोडून शेतीत स्थिरावलेल्या घरांतल्या बायकांच्या कामाचा. परक्या माणसाला जिथं शिरायला वर्ष लागलं असतं, तिथं मी आपलीच म्हणून एका दिवसात शिरले. इंदापूर तालुक्यातल्या वस्त्यांवरून फिरून मुलाखती गोळा केल्या, नीट टाइप केल्या आणि मोठ्या ऐटीत तुमच्या टेबलावर आणून ठेवल्या. तुम्ही चष्मा वर करून चार पानं वाचता. मग विचारता, "तू बसली कुठं होतीस?" मला प्रश्नच कळत नाही. मी म्हणते, खुर्चीवर. आपल्याकडे शिकलेलं कुणी दारात आलं की आधी आतून प्लॅस्टिकची खुर्ची येते, पोरं फडक्यानं ती पुसतात, आणि त्या खुर्चीला नाही म्हणणं म्हणजे घराला नाही म्हणणं. म्हणून मी बसले. "मग तुझ्यासमोर कोण बसलं?" पुरुष. "आणि बाई?" बाई दाराच्या चौकटीला धरून उभी. "आणि मग ती कुठं गेली?" चहा ठेवायला आत. तुम्ही कागद परत माझ्याकडे सरकवलेत आणि म्हणालात, "म्हणजे बायकांच्या कामावर तू त्यांच्या नवऱ्यांच्या मुलाखती घेऊन आलीस. छान आहेत. आता पुन्हा जा."

मी घरी येऊन रडले होते. आबा गोठ्यात धार काढत होते. माझे वडील म्हणजे एक एक वाक्य जपून वापरणारा माणूस. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तुजी म्याडम बरोबर हाय. खुर्चीवरनं चूल दिसत न्हाय." मग जरा वेळानं, कासेवरून नजर न काढता, "पर किती वरसं चालणार हे? म्हसबी कुणी एवढी भाकड ठिवत न्हाय." घरात माझ्या लग्नाची बोलणी या अभ्यासापायी मागं पडत होती, ते त्यांच्या पोटात होतं. मला राग आला आणि हसूही आलं.

पुन्हा गेले, तेव्हा पहिले काही दिवस तुम्ही बरोबर आलात. गुडघे दुखत असताना एसटीनं भिगवणपर्यंत, तिथून मिळेल त्या वाहनानं वस्तीवर. तुमच्या संशोधननिष्ठेबद्दल विभागात फार बोललं जायचं. त्यातली निम्मी निष्ठा हायवेवरच्या हॉटेलातल्या तळलेल्या चिलापीवर होती, हे मला एकटीला माहीत होतं. घरी मासे चालत नव्हते ना तुमच्या. वस्तीवर खुर्ची आली की तुम्ही तिच्यावर पर्स ठेवायचात, म्हणायचात, "ही पर्स बसेल इथं, मी आत येते," आणि भिंतीला हात टेकत, कण्हत, थेट चुलीपुढं मांडी घालायचात. घराचा मान राहायचा आणि बाई आत एकटी सापडायची. चहाला कधी नको म्हणत नव्हतात. चहा उकळेपर्यंतचा वेळ आपला, असं तुमचं म्हणणं होतं, म्हणून उलट दूध जास्त घाला म्हणायचात. ही युक्ती कुठल्याही पद्धतिशास्त्राच्या पुस्तकात नाही. मी आता माझ्या विद्यार्थ्यांना शिकवते तेव्हा ती तुमची म्हणून सांगते.

आत्या मला अशाच चुलीपाशी मिळाल्या. वस्तीवरच्या सगळ्या सुना त्यांना आत्या म्हणायच्या, म्हणून मीही. पहिल्या दिवशी त्यांनी मला कुठली, कुणाची, मामाचं गाव कोणतं हे सगळं विचारून घेतलं आणि मग पिठाची परात पुढं ओढली. त्यानंतर मी महिन्यातून एकदा तरी जायचे. त्या भाकरी थापायच्या, मी जाळ सारायचे. मेंढरं का विकली या प्रश्नाला प्रत्येक घरानं दिलेलं उत्तर एकच होतं: रान संपलं, ऊस आला, पाणी आलं, कळप न्यायचा कुठं. माझा सगळा प्रबंध त्या उत्तरावर उभा होता. आणि एका सकाळी, मी काही न विचारता, तव्यावरची भाकरी उलटता उलटता आत्यांनी त्यांच्या घराचं उत्तर सांगितलं. ते वेगळं होतं. कळप विकायचा निर्णय कुणी घेतला, का घेतला आणि त्यापायी त्यांनी काय केलं, ते सगळं. रेकॉर्डर नेहमीसारखा त्यांच्या परवानगीनं चालू होता. बोलणं संपलं तेव्हा त्यांनी माझ्या ताटात भाकरी वाढली आणि म्हणाल्या, जेव. मी परत येताना एसटीत हसत होते, मॅडम. प्रबंधाला कणा मिळाला होता.

ते प्रकरण मी भराभर लिहून काढलं. आयुष्यात इतकं चांगलं मी आधी लिहिलं नव्हतं आणि नंतरही नाही. पण तुमचा नियम होता: प्रकरण आधी ज्याचं आहे त्याला वाचून दाखवायचं, मग माझ्याकडे आणायचं. बाकीच्या मार्गदर्शकांची मुलं हसायची आम्हाला. म्हणायची, यांचा प्रबंध म्हणजे सत्यनारायणाची पोथी, घरोघरी वाचतात. मी आत्यांना वाचून दाखवलं. पुस्तकी मराठीतलं मधेमधे सोपं करत, सावकाश. त्या शेवटपर्यंत मान खाली घालून ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "हे काढ." मी म्हणाले, आत्या, नाव बदलीन, गाव बदलीन. तर म्हणाल्या, "नावाचं न्हाय गं. ते मी तुला सांगितलं व्हतं. तुज्या कागदाला न्हाय."

त्या रागावल्या नव्हत्या. त्यांनी चहाही ठेवला.

मी तुमच्याकडे आले ती भांडायच्या तयारीनं. नोंदणीची मुदत संपत आली होती. ती संपली असती तर पुन्हा पहिल्यापासून, आणि पुन्हा पहिल्यापासून करू द्यायला घरी कुणी तयार नव्हतं. एका कॉलेजात जागा निघणार होती, ती डिग्रीशिवाय मिळणार नव्हती. मी म्हणाले, परवानगी त्यांनी आधी दिलीच होती, रेकॉर्डर समोर होता, नाव-गाव मी बदलतेय, नियमानं यात काही चुकत नाही. तुम्ही म्हणालात, नियमानं नाहीच चुकत. मग विचारलंत, "नाव बदललंस तर वस्तीवर कुणाला ओळखू येणार नाही?" वस्तीवरच्या कुत्र्यांनाही ओळखू आलं असतं. मग मी शेवटचा डाव टाकला. म्हटलं, तुम्ही एकदा ऐका तरी, काय आहे ते ऐकलंत की तुम्हीच म्हणाल ठेव. तुम्ही हात वर केलात. "मला नको सांगू. त्यांनी काढ म्हटलंय ना, मग ते माझ्यासाठीही काढलं." आणि मग, जरा खालच्या आवाजात, "खुर्चीवर बसली असतीस तर त्या बोलल्या नसत्या. खाली बसायला मी लावलं. म्हणजे हे निम्मं माझ्या अंगावर. आपण दोघी निस्तरू."

निस्तरलंत तुम्ही. आत्यांच्या पुढ्यात बसून आपण ते रेकॉर्डिंग पुसलं, तुम्ही मुद्दाम त्यासाठी वस्तीवर आलात. मुदतवाढीच्या बैठकीत समितीतले एक ज्येष्ठ सदस्य आवाज चढवून विचारत होते, मागच्या अहवालात ज्याचा एवढा गाजावाजा होता ते प्रकरण गेलं कुठं. तुम्ही मोसंबीचा रस मागवावा इतक्या शांतपणे म्हणालात, "ते आमच्याकडे ठेवायला दिलं होतं. ज्यांचं होतं त्यांनी परत नेलं." ते म्हणाले, हे काय समाजशास्त्र झालं? तुम्ही म्हणालात, "हो." मुदतवाढ मिळाली. मी उरलेल्या घरांवर, उरलेल्या उत्तरांवर प्रबंध पुन्हा बांधला. ती जागा गेली, पुढच्या वर्षी दुसरी निघाली. आबा मौखिक परीक्षेला नवा सदरा घालून मागच्या बाकावर येऊन बसले होते, आणि तुम्ही परीक्षकांच्या आधी त्यांना चहा दिलात.

आता विचारायचं ते विचारते. प्रबंधाचं पुस्तक होतंय. पुण्याच्या प्रकाशकांनी हस्तलिखित वाचून कळवलंय की चांगलं आहे, पण मधे कुठंतरी पोकळ वाटतं, काहीतरी गाळल्यासारखं. किती बरोबर ओळखलं त्या माणसानं. रेकॉर्डिंग नाही, पण मला आत्यांचा शब्द न् शब्द पाठ आहे. आणि आता आत्या नाहीत. काढ म्हणणारं कुणी उरलं नाही. दहाव्याला जाताना गाडीत मी मनातल्या मनात ते प्रकरण पुन्हा लिहीत होते, खोटं कशाला बोलू. तुम्हाला विचारणार होते, गेलेल्या माणसाचं "नाही" किती दिवस धरायचं?

पाण्याच्या कडेला विधी झाले, कावळा शिवला, मंडळी वस्तीवर परतली. आत्यांची थोरली सून, आता तिचेही केस पांढरे झालेत, तिनं मला बघून नातवाला हाक मारली आणि आतून खुर्ची आली. मी खुर्चीवर पर्स ठेवली. आत गेले. चूल आता राहिलेली नाही, गॅसचा ओटा आहे, पण सून खाली बसली होती, तशी मीही बसले. चहा उकळत होता. ती म्हणाली, "आत्या तुमचं लई नाव काढायच्या. म्हणायच्या, पणदऱ्याच्या पोरीपाशी माजं एक हाय. मी इचारलं काय हाय, तर म्हणायच्या, ऱ्हाऊंदे, ती न्हाय सांगायची." असं म्हणून ती माझ्याकडे बघत राहिली. विचारत नव्हती. मी सांगितलं तर ऐकणार होती, एवढंच. मी म्हणाले, चहात दूध जरा जास्त घाला.

म्हणजे तुम्हाला विचारायचं कारणच राहिलं नाही. प्रकाशकांना आज सकाळी कळवलं, पोकळ आहे ते तसंच राहील.

राहिलं ते सांगायचं. रेकॉर्डिंग पुसून आपण दोघी एसटीनं परत येत होतो, तेव्हा भिगवण सोडल्यावर कुठंतरी तुम्ही एकदम माझ्याकडे वळून "बरं, पण—" म्हणालात, आणि थांबलात, आणि बारामती येईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिलात. मला तेव्हा वाटलं होतं, तुम्हाला त्या गोष्टीत रसच नाही, तुम्हाला फक्त तुमचं तत्त्व प्यारं. आता माझेही विद्यार्थी असं काहीतरी काढून टाकून माझ्यासमोर येऊन बसतात, आणि मला कळतं की त्या दिवशी तुमच्या ओठांवर काय होतं आणि ते तुम्ही किती कष्टानं गिळलंत. तुमच्याएवढं मोठं माणूस मी पुन्हा पाहिलं नाही. म्हणून आज ठरवून बसले होते, तुमचा तो राहिलेला प्रश्न पुरा करायचा. तुम्हीही नाही, त्याही नाहीत, या पत्राला पोस्टाची पेटीही नाही. कुणाचं काय जाणार होतं? मघापासून "ज्या वर्षी कळप विकला त्या वर्षी" एवढं लिहिते आणि खोडते. पुढं हात जात नाही. पण मॅडम, तुम्हाला सांगायचं फार मनात होतं.