सात मूकपट आणि दुसरा नंबर

मी, कुमारी सेराफिना ॲम्ब्रोज मिस्किटा, वय वर्षे एकोणनव्वद, निवृत्त मराठी शिक्षिका, राहणार खारोडी गावठाण, मालाड पश्चिम, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि स्वतःच्या अकलेने लिहिते आहे. डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. माझ्यावर कोणाचंही दडपण नाही. माझा पुतण्या रॉनी वर्षभर तसा प्रयत्न करतो आहे, पण जिने पस्तीस वर्षं नववीचे वर्ग गप्प बसवले तिच्यापुढे त्याची काय टाप? यापूर्वी मी मृत्युपत्र केलेलं नाही, आणि पुन्हा करायला वेळ मिळेल असं दिसत नाही.

कलम १. राहतं घर. माझे वडील ॲम्ब्रोज मिस्किटा यांनी हे कौलारू घर बक्षीसपत्राने मला दिलं, म्हणून ते माझ्या एकटीच्या मालकीचं आहे. रॉनीला त्याचं म्युझियम करायचं आहे. पप्पांनी १९२२ ते १९३० या काळात सात मूकपट काढले. आता त्यांना ‘आद्य दिग्दर्शक’ म्हणतात, व्याख्यानं होतात, हार पडतात. सातांपैकी एकही मूकपट हयात माणसाने पाहिलेला नाही, म्हणून तर सगळे उत्कृष्ट ठरले आहेत! घर रॉनीला मिळेल, पण कलम ४ मधली अट पाळली तरच.

कलम २. पप्पांचा पत्र्याचा भोंगा, सोला हॅट आणि तीन पायांचं स्टँड रॉनीला बिनशर्त. यातच त्यांची सगळी कारकीर्द आली. अक्सा बीचवर ते या भोंग्यातून ओरडत आणि गावचे कोळी राक्षस होऊन धावत. देवादिकांच्या गोष्टी, दाढ्या तागाच्या. एका ऋषीची दाढी बकरीने खाल्ली, तर पप्पांनी बकरीच्या मालकाला शिव्या घातल्या. पप्पांना उन्हाची जाण होती हे मात्र मान्य करते. कुठल्या वेळी कुठल्या भिंतीवर कसं ऊन पडतं ते त्यांना घड्याळ न बघता कळे. माणसांची जाण देवाने द्यायची राहून गेली. पडद्यावर नाव एकाचंच, ॲम्ब्रोज मिस्किटा. दिवे धरणारा, पडदे रंगवणारा, राणीच्या जागी उडी मारणारा धाकू सखाराम घाडी हा सावंतवाडीकडचा माणूस, मूकपट बंद झाल्यावरही आमच्याकडे येत-जात असे. त्याचं नाव कुठेही नाही. म्हणजे तेव्हा नव्हतं. पुढे आलं, ते कसं ते खाली लिहिते.

कलम ३. तांब्याचा मोठा टोप. लग्नाच्या जेवणाचा, आईकडून आलेला. हाही रॉनीला, आणि म्युझियम झालंच तर हा मधोमध ठेवावा, कारण पप्पांचे समग्र मूकपट यातच गेले.

सगळं जग म्हणतं की मूकपट आगीत जळाले. आग कधी लागलीच नाही. १९४४ च्या नाताळात आमच्या चर्चने गोठ्यांची स्पर्धा ठेवली. आमच्या गावठाणात बाळ येशूच्या गोठ्यावरून सख्खे भाऊ वर्षभर बोलायचे बंद होतात, हे बाहेरच्यांना सांगून पटत नाही. बोलपट आल्यापासून पप्पांना कोणी विचारत नव्हतं. निदान गोठ्यात तरी पहिला नंबर हवा म्हणून ते पेटले. त्यांना गोठ्यात वाहती नदी हवी होती. लढाईचे दिवस, चकचकीत कागद मिळेना. मग त्यांनी माळ्यावरचे डबे खाली काढले. आईने टोपात सोड्याचं पाणी उकळलं आणि आठ वर्षांची मी काथ्याने फिल्म घासायला बसले. देव, राक्षस, ऋषी, बकरी, सगळं काळ्या पाण्यात उतरलं आणि काचेसारख्या स्वच्छ पट्ट्या हातात आल्या. आई एकदा म्हणाली, “अवं, एक तरी ठेवा.” पप्पा म्हणाले, “कोण बघतंय आता? घास पोरी.”

दोन दिवस घासलं. सात मूकपटांची नदी झाली. फादरनी आम्हांला दुसरा नंबर दिला. पहिला नंबर शेजारच्या लोपीसांना मिळाला. त्यांनी परातीत पाणी ठेवलं होतं.

कलम ४. ही अट आहे, नीट वाचावी. १९५८ साली एक पत्रकार घरी आला आणि त्याने विचारलं, “मिस्किटासाहेब, तुमच्या फिल्म कुठायत?” खरं सांगायची पप्पांना लाज वाटली. पप्पा चिरूट ओढत म्हणाले, “आग लागली. आमचा एक दिवेवाला होता, धाकू. त्याची बिडी.” मी बावीस वर्षांची, हातात चहाचा ट्रे. मी ट्रे ठेवला आणि आत गेले. ही माझी करणी. पप्पांना नावं ठेवते तेव्हा हे विसरत नाही.

धाकूदादा तेव्हा दुसऱ्या एका स्टुडिओत दिव्यांवर होता. बातमी शुक्रवारी छापून आली आणि सोमवारी त्याला गेटवरूनच परत पाठवला. फिल्म जाळणाऱ्याला फिल्मजवळ कोण ठेवणार? तो चालत आमच्या दारात आला आणि एवढंच म्हणाला, “सायबानु, माका बिडयेचो वाससुदां सोसना नाय. तुमका म्हायत आसा.” पप्पांनी वर्तमानपत्र तोंडापुढे धरलं. धाकूदादाने त्यानंतर कुठल्याही स्टुडिओत पाय ठेवला नाही. मरेपर्यंत दिंडोशीच्या बाजूला एका गोदामावर पहारा केला.

रॉनीने पप्पांवर पुस्तिका काढली, तीत ती बिडी पुन्हा पेटवली. गेल्या पावसाळ्यात धाकूदादाची नात श्रुतिका ती पुस्तिका घेऊन माझ्याकडे आली. दिंडोशीत राहते, शाळेत चित्रकला शिकवते. म्हणाली, “बाई, भांडायला नाही आले मी. एवढंच सांगा ना, माझे आजोबा खरंच बिडी ओढायचे का? माझे बाबा शेवटपर्यंत कुणाला सांगायचे नाहीत की आपण धाकूचे.” मी तिला सगळं सांगितलं आणि रॉनीला बोलावून घेतलं. तो म्हणाला, “आंटी, मेलेल्या माणसाला काय फरक पडतो यार? आगीची स्टोरी झकास आहे. नदीचं सांगितलं तर लोक हसतील.” हसूदेत की! हसण्यासारखंच आहे.

या दिवट्याने म्युझियमची संगमरवरी पाटीसुद्धा करून आणली आहे आणि जागा नाही म्हणून माझ्याच खाटेखाली सरकवली आहे. तीवर कोरलं आहे की ‘एका कामगाराच्या बिडीमुळे’ हा ठेवा नष्ट झाला. मी त्या वाक्यावर झोपते आहे.

तर अट अशी. माझ्या मृत्यूनंतर नव्वद दिवसांच्या आत रॉनीने दर्शनी भिंतीवर नवी पाटी लावावी. मजकूर: ‘ॲम्ब्रोज मिस्किटा यांनी आपले सातही मूकपट गोठ्यातल्या नदीसाठी स्वतःच्या घरी धुऊन टाकले. आग लागली नव्हती. धाकू सखाराम घाडी निर्दोष होते.’ यातला एक शब्दही गाळला, किंवा पाटी पुढे कधी काढली, तर घर श्रुतिका घाडी हिचं. जुनी पाटी पालथी घालून मोरीत कपडे धुवायला वापरावी. या मृत्युपत्राच्या व्यवस्थापक म्हणून दिंडोशी कोर्टातल्या वकील इरावती सामंत यांना नेमते. त्यांना रॉनीच्या गोड बोलण्याचा अनुभव आहे.

कलम ५. माझं प्रार्थनेचं पुस्तक श्रुतिकाला बिनशर्त. पुस्तकात अडीच हात फिल्म आहे. १९४४ साली घासता घासता मी ती उजेडात धरली आणि ओरडले, “पप्पा, ह्यात धाकूदादा हाय!” पप्पा म्हणाले, “मग? घास.” मी ती फ्रॉकमध्ये लपवली आणि त्या दिवसापासून ती माझ्याजवळ आहे. राणीचं काम करणाऱ्या नटाला पोहता येत नव्हतं, म्हणून धाकूदादा नऊवारी नेसून अक्साच्या खडकावरून समुद्रात उडी मारतो. पदर वर उडाला आहे, तोंड कॅमेऱ्याकडे आहे आणि तो हसतो आहे. श्रुतिका, ही विस्तवाजवळ नेऊ नकोस गं, असली फिल्म खरंच पेटते. आद्य दिग्दर्शकाच्या सात मूकपटांतलं जगात एवढंच उरलं आहे, आणि त्यात तुझा आजोबा आहे.

वरील मजकूर मी दोन्ही साक्षीदारांना वाचून दाखवला आणि त्यांच्यादेखत सही करते आहे. सहीआधी, ट्रे हातात असताना जे बोलायला हवं होतं, ते सदुसष्ट वर्षं उशिरा लिहून देते: पप्पा, तुम्ही खोटं बोलताय. धाकूदादा बिडी ओढत नाही.

सही: सेराफिना ॲम्ब्रोज मिस्किटा

साक्षीदार:
१. चंद्रप्रकाश दुबे, औषधांचे दुकानदार, मालाड पश्चिम
२. डॉ. संघमित्रा कांबळे, मालाड पश्चिम

ठिकाण: खारोडी, मालाड पश्चिम, मुंबई
दिनांक: २४ नोव्हेंबर २०२५